मोरसची साखर आणि परक्याचें अन्न

पांढऱ्या साखरेला ‘मोरस’ म्हणण्याचा परिपाठ आमच्या वयस्क वाचकांनीं आपल्या आजी-आजोबांच्या तोंडून ऐकला असेल. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत मुंबई बंदरांत जी परदेशी साखर उतरत असे तींतील बरीचशी मॉरिशस बेटांतून येई, आणि बेटाचें नांव आमच्या लोकांनीं मालालाच देऊन टाकलें. ज्या बेटानें आमच्या घरांतील चहा-शिऱ्याला एक शब्द दिला, तें बेट आज स्वतःच्या ताटांतील भात मात्र स्वतः पिकवीत नाहीं. हिंदी महासागरांतील या बेटाचें क्षेत्रफळ १,८६५ चौरस किलोमीटर, म्हणजे आमच्या सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या निम्म्याहूनही कमी. लोकसंख्या बारा लाखांवर. त्यांच्या अन्नापैकीं सुमारें तीन चतुर्थांश अन्न जहाजानें येतें. तांदूळ आणि गहू तर जवळजवळ सर्वच बाहेरचा.

परक्या बेटाच्या रांजणांत किती दाणे आहेत याची उठाठेव शेतकऱ्यांच्या मासिकानें कां करावी, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर आमच्याच बाजारांत आहे. जुलै २०२३ मध्यें हिंदुस्थान सरकारनें बासमतीखेरीज इतर पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली. पुढच्याच महिन्याच्या अखेरीस भूतान, सिंगापूर आणि मॉरिशस या तीन देशांसाठीं अपवाद करण्यांत आला. त्यांत मॉरिशसच्या वांट्यास १४,००० टन आले. डिसेंबर २०२३ मध्यें कांद्याचीही निर्यात थांबली. या बंदीनें नाशिक, अहिल्यानगर व पुणें जिल्ह्यांतील कांदा-उत्पादकांचें काय झालें हें आम्हीं येथें नव्यानें सांगण्याची गरज नाहीं. तें ज्यानें त्यानें आपल्या चाळींत पाहिलें आहे. एप्रिल २०२४ मध्यें सहा देशांना मिळून ९९,१५० टन कांदा पाठविण्याची मुभा जाहीर झाली, आणि त्या सहांत पुन्हा मॉरिशसचें नांव होतेंच. आम्ही सर्वांनीं त्या वेळीं भावाचा प्रश्न मांडला, तो रास्तच होता. परंतु दोराच्या दुसऱ्या टोकाला कोण उभा आहे याकडे आमच्यापैकीं फारच थोड्यांचें लक्ष गेलें. दिल्लीच्या एका हुकुमानें इकडे ज्याचा कांदा सडतो आणि तिकडे ज्याची फोडणी अडते, ते दोघेही एकाच अनिश्चिततेचे धनी होत.

मॉरिशसची ही स्थिति ऐकून आमच्याकडील माणूस चटकन् म्हणतो, “ऊस उपटावा आणि भात लावावा, झालें!” हा निवाडा आम्हांस मान्य नाहीं. ऊस त्या बेटावर कोणाच्या लहरीनें टिकलेला नाहीं. १६३९ सालीं डच लोकांनीं तो जावा बेटांतून आणला. पुढें फ्रेंच अमदानींत, १७३५ सालीं आलेल्या लाबूर्दोने या गव्हर्नरानें साखरेच्या धंद्याचा पाया घातला. त्या काळीं तेथें कॉफी, लवंग, जायफळ, कापूस, नीळ असें बहुतेक सर्व करून पाहण्यांत आलें. परंतु त्या समुद्रांत दर उन्हाळ्यांत चक्रीवादळें उठतात आणि तेथील उन्हाळा म्हणजे डिसेंबर ते एप्रिल. कॉफीचें किंवा लवंगेचें झाड एकदां मुळासकट उलथलें म्हणजे मालकाचीं पांच-सात वर्षें गेलीं. ऊस वाऱ्यानें लोळतो, त्याचीं पानें फाटतात, उतारा घसरतो. पण बुडखा जमिनींत असतो आणि पुन्हा फुटतो. १९६० च्या फेब्रुवारींत ‘कॅरोल’ नांवाच्या वादळानें बेट असें झोडपून काढलें कीं त्या वर्षींची साखर आदल्या वर्षींच्या निम्म्याहूनही खालीं आली. आणि तरी दुसऱ्याच वर्षीं कारखाने जवळजवळ पूर्ववत् चालले. हा गुण भाताच्या लोंबीला नाहीं, मक्याला नाहीं, टोमॅटोला तर नाहींच नाहीं. शिवाय जमीन आमच्या दख्खनसारखीच ज्वालामुखीच्या खडकाची, दगडगोट्यांनीं भरलेली. तेथील शेतांत पिढ्यानपिढ्या वेंचलेल्या काळ्या दगडांचे मनोरे अजून उभे दिसतात. अशा जमिनींत आठ-आठ वर्षें खोडवा ठेवून माती झांकून धरणारें पीक शेतकऱ्यानें पत्करलें, तर त्याला मूर्ख म्हणण्याचा अधिकार आम्हां खोडवा-निडवा घेणाऱ्यांस तरी नाहीं.

ते दगड वेंचले कोणीं? आधीं गुलामांनीं. १८३५ सालीं गुलामगिरी बंद झाली, आणि त्याच सुमारास हिंदुस्थानांतून करारबंद मजूर नेण्याची प्रथा सुरू झाली. १८३४ पासून १९२० पर्यंत सुमारें पांच लाख माणसें तेथें उतरलीं. बहुसंख्य बिहार व मद्रासकडचीं, परंतु मुंबई बंदरावरून कोंकणांतील व देशावरील मराठी कुटुंबेंही गेलीं. त्यांची संतति आज तेथें गणेशचतुर्थी साजरी करते, तो दिवस तेथें सरकारी सुट्टीचा आहे, आणि शाळांतून मराठी शिकविली जाते. त्यांचे पणजोबा आमच्याच गांवांतून दुष्काळ आणि सावकारी यांना कंटाळून गेले, हें लक्षांत ठेवून पुढील हकीकत वाचावी.

मजूर पुढें जमीनदार कसे झाले, हा या बेटाच्या इतिहासांतील आमच्या मतें सर्वांत मोलाचा भाग आहे. साखरेचे भाव पडूं लागले तेव्हां १८७० नंतरच्या काळांत मोठ्या मळेवाल्यांनीं आपल्या कडेच्या, हलक्या जमिनीचे तुकडे पाडून विकण्यास सुरुवात केली. करार संपलेल्या हिंदी माणसानें पैसा पैसा जोडून ते विकत घेतले. भांडवल मात्र त्याच्याजवळ नव्हतें; तें सावकार व दलाल यांच्या हातीं. १९०९ च्या शाही चौकशी-मंडळाच्या शिफारशीवरून १९१३ सालीं तेथें सहकारी पतपेढ्यांचा कायदा झाला, आणि ती चळवळ उभारण्यासाठीं हिंदुस्थानांतूनच एक अनुभवी अधिकारी नेण्यांत आला. आमच्याकडचा सहकारी कायदा १९०४ चा. ज्या रोपाचें बीं येथें रुजलें त्याची एक फांदी नऊ वर्षांनीं तेथें लागली, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

तथापि पतपेढी म्हणजे वजनकांटा नव्हे. ऊस लहान शेतकऱ्याचा आणि गिरणी मोठ्या मळेवाल्याची. वजन गिरणीचें, उतारा गिरणीनें ठरविलेला, भाव गिरणीचा. १९३७ सालीं कित्येक गिरण्यांनीं ‘उबा’ जातीच्या उसाला शेंकडा १५ नें कमी भाव देण्याचें जाहीर केलें. उबा ही जाड सालीची, चिवट जात हलक्या जमिनींतही भरघोस येई, म्हणून ती मुख्यतः गरीब लागवडदारांच्याच शेतांत होती. तींत साखर कमी निघते असें गिरण्यांचें म्हणणें होतें, आणि तें अगदींच खोटें नव्हतें. परंतु घाव कोणावर पडला तें उघड होतें. ऑगस्टमध्यें लागवडदार व मजूर मोर्चे काढून निघाले आणि युनियन फ्लाक येथील मळ्यावर झालेल्या गोळीबारांत चार माणसें मेलीं. त्यानंतर चौकशी बसली, आणि १९३९ मध्यें गिरणी व लागवडदार यांच्यांतील वजन-उताऱ्याचे तंटे निवारण्यासाठीं एक मंडळ नेमण्यांत आलें. काट्यावर फसलेला एकही माणूस आमच्या वाचकांत नसेल असें आम्ही समजत नाहीं. म्हणून हें चार ओळींत न उरकतां सविस्तर लिहिलें.

येथून पुढें आमचा मुख्य मुद्दा सुरू होतो. १९३९ मध्यें उसाला तंट्याचें मंडळ मिळालें. १९४६ मध्यें चक्रीवादळ व अवर्षण यांविरुद्ध उसाचा विमा सुरू झाला. १९५१ मध्यें राष्ट्रकुलाच्या साखर-करारानें भावाची हमी दिली. १९५३ मध्यें ऊस-संशोधनाची स्वतंत्र संस्था निघाली. १९७५ च्या करारानें युरोपीय बाजारांत दरवर्षीं सुमारें पांच लाख टन साखर ठराविक, आणि बहुधा जागतिक भावाहून कितीतरी चढ्या, दरानें घेतली जाऊं लागली. त्या सवलतीचा सर्वांत मोठा वांटा या एकट्या बेटाला होता. म्हणजे ऊस लावणाऱ्याच्या पाठीशीं पंच, विमा, भाव, शास्त्र आणि गिऱ्हाईक हे पांचही उभे राहिले. १९७३ सालीं उत्पादन सुमारें ७ लाख १८ हजार टनांवर गेलें तें हवेंतून नव्हे. याच बेटावर जो घेवडा, मका, रताळीं किंवा भाजी पिकवी त्याच्यामागें यांतील किती गोष्टी होत्या? दलाल सकाळीं मंडईंत सांगेल तो भाव, आणि वादळ आलें तर नशीब.

उपासमारीची ताकीद त्यांना मिळाली नव्हती असें नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत १९४२ मध्यें ब्रह्मदेश जपान्यांच्या हातीं गेला. मॉरिशसचा तांदूळ ब्रह्मदेशांतून येत असे. तो एकदम तुटला आणि जहाजेंही मिळेनात. तेव्हां सरकारनें मळेवाल्यांवर सक्ती करून उसाच्या कांहीं जमिनींत मका, कसावा, रताळीं, भुईमूग लावविले. भाताच्या सवयीचीं माणसें मक्याच्या पिठावर आणि कंदांवर दिवस काढूं लागलीं. कसावा कांहीं नवा नव्हता; लाबूर्दोनेनेंच तो दोनशें वर्षांपूर्वीं गुलामांच्या पोटासाठीं ब्राझीलकडून आणविला होता. युद्ध संपलें, जहाजें पुन्हा आलीं, आणि मका-कसाव्याचीं शेतें पुन्हा उसाखालीं गेलीं. माएबूर गांवीं कसाव्याचीं बिस्किटें करणारा एक जुना कारखाना १८७० पासून चालत आला आहे, तेवढीच त्या कंदाची प्रतिष्ठा राहिली. सक्तीनें लावलेलें पीक सक्ती उठतांच जातें, हें त्यांच्या अनुभवावरून आम्हीही टिपून ठेवावें.

एक पीक मात्र सक्तीवांचून टिकलें, तें बटाटा. नवी लागण किंवा तुटलेला खोडवा असतां उसाच्या दोन ओळींमधील मोकळी जागा दोन-अडीच महिने उन्हांत पडून असते. त्या जागेंत बटाटा लावून ऊस मोठा होण्याच्या आंत काढून घेण्याची रीत तेथील संशोधकांनीं बसविली. खत-पाणी उसासाठीं द्यावयाचेंच असतें, बटाटा त्यांत आपलें काम उरकतो, आणि मातीची भर उसाला लागते. १९६० नंतरच्या दशकांत सरकारी पणन-मंडळानें बटाटा, कांदा, लसूण यांचें बियाणें, खरेदी आणि सांठवण आपल्याकडे घेतली. परिणाम असा झाला कीं बटाट्याच्या बाबतींत बेट स्वयंपूर्णतेच्या अगदीं जवळ पोंचलें. ऊस उपटावा लागला नाहीं, भाषणें करावीं लागलीं नाहींत. बियाणें वेळेवर मिळालें, माल घेणारा कोणीतरी ठरलेला होता, म्हणून शेतकऱ्यानें लावला. आमच्या ऊसवाल्यांपैकीं जे सरींत कांदा, हरभरा किंवा कोबी घेतात त्यांना यांत नवल वाटणार नाहीं. नवल इतकेंच कीं एका राष्ट्रानें ही गोष्ट राष्ट्राच्या पायरीवर करून दाखविली आणि मग ती तशीच बटाट्यापाशीं थांबविली.

२००६ सालापासून युरोपनें साखरेचा भाव टप्प्याटप्प्यानें शेंकडा ३६ नें उतरविला. २०१७ मध्यें तेथील उत्पादन-मर्यादाही उठल्या आणि जुनी पंगत कायमची मोडली. त्याचा फटका कसा बसला पहा. एके काळीं ८० हजार हेक्टरांच्या आसपास असलेला ऊस आज ४० हजारांच्याही खालीं आला आहे. साखर अडीच लाख टनांच्या आंतबाहेर. गिरण्या स्वातंत्र्याच्या वेळीं, म्हणजे १९६८ सालीं, वीसएक होत्या त्या तीनवर आल्या. लहान लागवडदार हजारोंनीं बाहेर पडले. आतां प्रश्न असा: उसानें सोडलेली ही हजारों हेक्टर जमीन अन्नाखालीं गेली काय? गेली नाहीं. कांहीं जागीं परदेशी धनिकांसाठीं बंगले व गोल्फचीं मैदानें झालीं, त्यासाठीं २००२ पासून सरकारी योजनाच होती. आणि बाकीची बरीचशी रान माजून पडली आहे. म्हणजे ऊस गेला म्हणून भाकर आली नाहीं. “ऊस उपटा” म्हणणाऱ्यांस हें उत्तर पुरेसें व्हावें.

जमीन मोकळी पडूनही अन्न कां येत नाहीं? वारसांत तुकडे झाले, मुलें हॉटेलांत व कचेऱ्यांत गेलीं, मजुरी महागली, हीं कारणें खरीं आहेत आणि आमच्याकडचींही आहेत. पण मूळ कारण आम्हांस वेगळें दिसतें. सरकार बाहेरून आणलेला तांदूळ व पीठ तोटा सोसून स्वस्त विकतें. गरिबाच्या दृष्टीनें तें योग्यच आहे आणि तें बंद करा असें आम्ही म्हणणार नाहीं. परंतु त्याच तराजूच्या दुसऱ्या पारड्यांत घरच्या कंदमुळांना, मक्याला, कडधान्याला कांहींच घालावयाचें नाहीं, हा कोठला न्याय? परदेशी दाण्याला सरकारी खजिना आणि देशी दाण्याला मोकळा बाजार, अशा शर्यतींत देशी दाणा हरतो तो नालायक म्हणून नव्हे. साखरेचे भाव पडले तेव्हां लहान ऊसवाल्यांस तगविण्यासाठीं २०२० मध्यें सरकारनें पहिल्या ६० टन साखरेला टनास २५,००० मॉरिशस रुपयांची हमी दिली. आम्हीं ती गोष्ट चांगली मानतों. तिच्या निम्म्यानें जरी निश्चिति घेवड्याला व रताळ्यांना मिळती, तर पडीक जमिनीचें चित्र निराळें दिसतें असें आमचें मत आहे.

त्याच वर्षीं मार्च महिन्यांत महामारीमुळें बेटाचीं दारें बंद झालीं. दुकानें कांहीं दिवस सक्तीनें बंद राहिलीं, आणि पुन्हा उघडलीं तेव्हां लोकांना आडनांवाच्या आद्याक्षराप्रमाणें पाळी लावून आंत सोडावें लागलें. त्या दिवसांत परसांतील भाजीचा वाफा पुष्कळांना आठवला. दारें उघडल्यावर तो किती जणांच्या लक्षांत राहिला, याविषयीं आम्हांस शंका आहे.

बेटाच्या अन्नाचा विचार शेतावर संपत नाहीं. अर्धें शेत पाण्यांत असतें. मॉरिशसभोंवतीं पोंवळ्याच्या खडकाचें कुंपण आहे व त्याच्या आंत सुमारें २४३ चौरस किलोमीटरांचें उथळ, शांत पाणी. हेंच तेथील लहान मच्छीमाराचें वावर. बाहेर त्यांच्या हक्काचा समुद्र २३ लाख चौरस किलोमीटरांचा, म्हणजे आमच्या सबंध देशाच्या जमिनीच्या दोन-तृतीयांशाहूनही मोठा. पण तेथील कुपा मासा पकडतात तीं बहुतेक परदेश्यांचीं मोठीं जहाजें, पोर्ट लुईस तो डबाबंद होतो आणि युरोपांत जातो. स्वतःच्या जेवणासाठीं बेट पुन्हा बाहेरचा गोठविलेला व डब्यांतला मासा आणतें. उसाचीच गोष्ट, फक्त खाऱ्या पाण्यांत! जवळच्या पाण्यावर मात्र सर्वांचा भार: जाळीं, हॉटेलांचे किनारे, शेतांतून वाहून येणारें खत व गाळ, आणि समुद्र तापला कीं पांढरीं पडून मरणारीं पोंवळीं. त्यांत २५ जुलै २०२० रोजीं ‘वाकाशिओ’ नांवाचें जपानी मालकीचें जहाज आग्नेय किनाऱ्यावर पॉइंट देस्नीजवळ खडकावर चढलें आणि ऑगस्टच्या आरंभीं त्यांतून सुमारें एक हजार टन तेल सांडलें. त्या भागांतील कोळ्यांना कित्येक महिने जाळें टाकतां आलें नाहीं. ज्या शेताला बांध घालतां येत नाहीं त्याचें असें असतें.

पण त्याच राष्ट्रांतील रॉड्रिग्ज या १०८ चौरस किलोमीटरांच्या धाकट्या बेटानें जें केलें तें आम्हांस फार आवडलें. तेथें उथळ पाण्यांत बायामाणसें भाल्यानें अष्टपाद मासा मारतात, वाळवतात व विकतात. मासा वर्षानुवर्षें लहान व दुर्मिळ होत चालला. तेव्हां २०१२ सालीं ऑगस्ट ते ऑक्टोबर असे दोन महिने शिकार सबंध बंद ठेवण्यांत आली. नुसता हुकूम काढून लोकांस उपाशी ठेवलें नाहीं. त्या अवधींत किनारा साफ करणें वगैरे कामें देऊन मजुरी दिली. बंदी उठली तेव्हां पूर्वीपेक्षां वजनदार मासा हातीं लागला, आणि पुढच्या वर्षांपासून बंदी हा नेम झाला. मग मॉरिशसनेंही तो उचलला. आमच्या किनाऱ्यावर नारळी पौर्णिमेआधीं होडी न लोटण्याचा रिवाज होता, त्यांतलें शहाणपण हेंच. पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांना १ जून ते ३१ जुलैपर्यंतची बंदी तें कायद्यानें सांगते. फरक एवढाच कीं विश्रांतीच्या दिवसांची मजुरी रॉड्रिग्जनें आधीं ठरविली आणि बंदी मागून घातली.

हा क्रम उलटा केला म्हणजे काय होतें, तें दुसऱ्या एका बेटानें दाखविलें. श्रीलंकेच्या सरकारनें एप्रिल २०२१ मध्यें रासायनिक खतांची आयात एका फटकाऱ्यांत बंद केली. सेंद्रिय खताचे ढीग तयार नव्हते, शेतकऱ्याला शिकविलें नव्हतें, तोटा कोण भरणार हें ठरलें नव्हतें. नोव्हेंबरांत हुकूम मागें घ्यावा लागला. तोंवर भाताचा हंगाम हातचा गेला होता आणि जो देश भातांत जवळजवळ स्वयंपूर्ण होता त्याला तांदूळ आयात करावा लागला. शेणखत व हिरवळीचें खत यांचे आम्ही जुने कैवारी आहोंत, म्हणूनच सांगतों कीं चांगल्या गोष्टीला अशा हुकूमशाहीनें जेवढी बदनामी येते तेवढी तिच्या शत्रूंकडूनही येत नाहीं.

आतां आमच्या स्वतःच्या बांधावर येऊं. उसाचे पैसे १४ दिवसांत द्यावेत असा १९६६ पासून आमच्याकडे कायदा आहे. तो किती पाळला जातो हा निराळा वाद, पण मागण्यास आधार तरी आहे. तूर, हरभरा, करडई यांचा आधारभूत भाव वर्तमानपत्रांत छापून येतो आणि खरेदी-केंद्राच्या दारावरचें कुलूप मात्र आपल्या सोयीनें उघडतें. मग पाटाचें पाणी मिळालें कीं माणूस ऊस लावतो, यांत त्याचा काय दोष? परिणामीं हा एवढा मोठा कृषिप्रधान देश निम्म्याहून अधिक खाद्यतेल बाहेरून आणतो आणि तूर मोझांबिक व ब्रह्मदेशाकडून घेतो. मोरस बेट आम्हांस वाटतें तितकें दूर नाहीं.

आणि जेव्हां आम्ही विकणारे असतों तेव्हां? वर्षांत दोनदां दार उघडणाऱ्या व दोनदां आपटणाऱ्या दुकानाकडे गिऱ्हाईक फार दिवस येत नाहीं. तें पाकिस्तान, ईजिप्त, चीन यांच्याकडे वळतें आणि मग परत येत नाहीं. शहरांतील ग्राहकाला भाव भडकल्याचा त्रास होतो हें आम्हांस दिसतें, आणि सरकारला त्याची काळजी वाहावी लागते हेंही मान्य आहे. पण मॉरिशससारख्या बारा लाखांच्या देशाला वर्षाचा लागणारा कांदा-तांदूळ आमच्या उत्पन्नाच्या ढिगांत कोठें दिसणारही नाहीं. एवढा माल बंदींतही बंद होणार नाहीं असा कायमचा करार अशा लहान, शेजारी व आपल्याच माणसांच्या देशांशीं हंगामाआधीं करून ठेवला, तर आमच्या सरकारचें कांहीं अडणार नाहीं. त्यांची चूल निर्धास्त होईल आणि आमच्या कांद्याच्या निदान कांहीं हिश्शाला तरी ठरलेलें गिऱ्हाईक राहील. आज जी मेहेरबानी म्हणून टनांच्या आंकड्यांत जाहीर होते ती करार म्हणून आधीं लिहिलेली असावी, इतकेंच आमचें मागणें आहे.

आमच्या संघाच्या येत्या वार्षिक सभेंत याविषयीं एक ठराव यावा अशी आमची सूचना आहे. त्याच ठरावांत, ज्या कारखान्यांचे आमचे सभासद भागधारक आहेत त्यांनीं उसाच्या सरींत घेतलेल्या हरभरा, कांदा व बटाटा यांच्या बियाण्याची उधारी उसाच्याच खात्यावर द्यावी व त्या मालाची खरेदी आधीं ठरलेल्या भावानें करावी, असाही भाग घालावा. कारखान्यांजवळ गोदामें आहेत, काटे आहेत, शेतकऱ्याचें खातें आहे. नाहीं ती फक्त पद्धत. ठरावाचा मसुदा पुढील अंकीं छापण्याचा आमचा विचार आहे. विशेषतः ज्यांनीं दोन-तीन हंगाम सरींत आंतरपीक घेऊन पाहिलें आहे त्यांनीं खर्च, उतारा आणि उसाच्या वजनावर झालेला परिणाम हे आंकडे बरे-वाईट जसे असतील तसे महिनाअखेरपर्यंत कचेरीकडे पाठवावे.